मालिकेतल्या खलनायिकेला माणूस करायचं आहे, पण धुऊन काढायचं नाही. फॅनफिक लिहिणाऱ्यांनी सांगावं

कपाशीकाठ

संध्याकाळच्या एका मालिकेवर फॅनफिक, म्हणजे तिच्यातली पात्रं घेऊन स्वतःची कथा, लिहिते आहे. मालिकेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अडचण बहुतेक मालिकांत सारखीच आहे. तीन भाऊ, मधला वारलेला. त्याची बायको 'धाकटी', मोठ्या भावाची बायको 'थोरली', आणि तिसरा भाऊ बिनलग्नाचा. थोरली कोऱ्या कागदावर धाकटीची सही घेते आणि तिच्या वाट्याची जमीन लाटते. पुढे शंभर-दोनशे भाग नुसती कारस्थानं. मग एका भागात थोरली रडते, धाकटी तिला मिठी मारते, आणि त्या जमिनीचं नाव पुन्हा कुणी काढत नाही.

मी घर पुण्याच्या बंगल्यातून उचलून यवतमाळकडच्या कपाशीच्या गावात आणलं आहे. बारा प्रकरणं, प्रत्येकी हजार-बाराशे शब्द. चार झाली. मध्यभागी थोरली आहे. चौथ्या प्रकरणात तिला पश्चात्ताप होतो आणि तिथेच सगळं खोटं वाटायला लागतं. 'पात्र हातातून सुटलं' असं दोन वाचकांनी लिहिलं, आणि ते बरोबर आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. थोरलीचं पाप हलकं न करता तिला माणूस कसं करायचं? दोघी जावांची मैत्री खरी वाटेल अशी कुठून सुरू करायची? आणि वाचकांना दीर आणि धाकटी ही जोडी हवी आहे, ती द्यायची का?

सातबारा_वाचक

तुमची अडचण चौथ्या प्रकरणात नाही, पहिल्यात आहे. मालिकेचं पाप तुम्ही जसंच्या तसं उचललं, आणि मालिकेतलं ते पापच पोकळ आहे. कोऱ्या कागदावरच्या सहीने शेतजमीन कुणाच्या नावावर होत नाही. ते एकदा नीट मांडा, थोरली आपोआप माणूस होते.

धाकटीचा हिस्सा जायचा तर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, लागतं. त्यासाठी धाकटीला स्वतः दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हजर राहावं लागतं. तिथे तिचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतात, ओळख पटवायला दोन माणसं लागतात. म्हणजे थोरलीने तिला काहीतरी सांगून तालुक्याला नेलं. बँकेचं काम म्हणाली असेल, नाहीतर निराधार योजनेचा फॉर्म. सकाळच्या एसटीने गेल्या, रांगेत शेजारी बसल्या, मध्ये कधीतरी थोरलीने तिला आलूबोंडा आणि चहा घेऊन दिला, नंबर लागल्यावर 'इथं अंगठा लाव' म्हणाली, आणि संध्याकाळी दोघी एकाच सीटवर बसून परत आल्या. मालिकेत ही लबाडी अर्ध्या मिनिटात उरकते. गावात तिला अख्खा दिवस लागतो. त्या दिवसात थोरलीला थांबायची निदान दहा ठिकाणं होती आणि ती कुठेच थांबली नाही. वाचकाला ती दहा ठिकाणं दाखवली की 'ती वाईट आहे का' हा प्रश्न मागे पडतो. 'या ठिकाणी ती थांबेल का' असं तो विचारायला लागतो, आणि तिथे तुम्ही त्याला धरलंत.

आणखी एक. त्या दोन ओळखदारांना नावं द्या. गावातलेच कुणीतरी असणार. म्हणजे पाप एकट्या थोरलीचं राहत नाही.

मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, चावडीवर लागते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे धाकटीच्या नावाची नोटीस घरी येणार. ती कुणी घेतली? थोरलीनेच घेतली असेल तर हे दुसरं पाप, पहिल्याहून शांत डोक्याने केलेलं. फिकमध्ये हे दुसरं पाप फार मोलाचं आहे, कारण पहिल्याला थोरलीकडे सबबी असतील (कर्ज, पोरीचं लग्न, नवऱ्याचा दबाव), पण नोटीस गाद्यांखाली सरकवताना एकही सबब तोंडावर आणता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्या लाभात होतं. थोरली सहहिस्सेदार नाही, तिचा नवरा आहे. सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं, तिचं नाही. म्हणून पश्चात्ताप झाला तरी जमीन परत करणं तिच्या हातात नाही. तिला काय करता येतं? नवऱ्याला परत नोंदणीकृत दस्त करून द्यायला लावायचं. नाहीतर धाकटीने दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करायचा दावा लावायचा आणि थोरलीने स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची. दाव्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. तेव्हा थोरलीने 'सांगते, सांगते' करत दिवस काढले तरी घड्याळ धाकटीला कळल्या दिवशी सुरू होतं, पण साक्षीदार म्हातारे होतात आणि जमीन दरम्यान गहाण पडू शकते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत पीककर्जाचा बोजा आधीच चढलेला असेल तर नुसतं नाव परत येऊन भागत नाही, कर्ज कोण फेडणार तेही ठरवावं लागेल.

चौथ्या प्रकरणातलं रडणं पूर्ण काढा. पश्चात्ताप आठव्या प्रकरणात येऊ द्या, आणि तो नवऱ्यासमोर येऊ द्या, धाकटीसमोर नको.

पद्मपूर

वरचं सगळं मान्य. माझं म्हणणं, कोण ऐकतं आहे तेही ठरवा. पश्चात्तापाचे बहुतेक प्रसंग खोटे पडतात ते याच्यापायी, की ज्याचं नुकसान झालं त्याला लेखक तिथल्या तिथे उत्तर द्यायला लावतो. एकाने माफी मागितली की दुसऱ्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं, आणि मालिकेत नेहमी 'हो'.

यावर सगळ्यात चांगला तोडगा आपल्याच भागातल्या माणसाने आठव्या शतकात काढून ठेवला आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने आपल्या घराण्याचं गाव विदर्भातलं पद्मपूर सांगितलं आहे, आणि ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर असं मानलं जातं. त्याचं 'उत्तररामचरित' हे नाटक आजच्या भाषेत सरळ फिक्स-इट फिक, म्हणजे मूळ शेवट दुरुस्त करणारं फॅनफिक, आहे. मूळ कथेत सीता धरणीत जाते, याच्या सातव्या अंकात ती रामाला परत मिळते. पण बघण्यासारखा आहे तिसरा अंक. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता तिथेच आहे, मात्र कुणाला दिसत नाही. वनदेवता वासंती रामाला सुनावते, ज्या बायकोला तू आपलं जीवित म्हणायचास तिचं काय केलंस असं विचारते, आणि राम कोसळतो. सीता हे सगळं ऐकते, बघते, आणि तिला एका शब्दाचंही उत्तर द्यावं लागत नाही. रामाला माहीतच नाही की ती ऐकते आहे, म्हणून त्याचं रडणं दिखाऊ ठरत नाही. आणि जाब विचारणारी तिसरीच बाई आहे, म्हणून सीतेला भांडावंही लागत नाही. पुढे तीन अंक गेल्यावर, सातव्यात, भेट.

राम चुकला नव्हता असं भवभूती कुठेही म्हणत नाही. त्याग जसाच्या तसा ठेवतो. बदलतो ते एवढंच, की त्या त्यागाचा जाब कुणीतरी मोठ्याने विचारतं आणि जिच्यावर बेतलं ती ते स्वतः ऐकते.

तुमच्या फिकमध्ये हे सोपं आहे. थोरली नवऱ्याशी बोलते तेव्हा धाकटीला भिंतीपलीकडे ठेवा. गावच्या घरात न्हाणीघर आणि माजघर यांच्यामधली भिंत पुष्कळदा छतापर्यंत जात नाही, आवाज सरळ येतो. अट एकच: प्रकरण संपेपर्यंत धाकटीने बाहेर यायचं नाही आणि पुढच्या दोन प्रकरणांत आपण ऐकलं हे बोलायचं नाही. वासंतीचं काम कुणाकडे द्यायचं? सासूकडे देऊ नका, मालिकेत तेच होतं. थोरलीच्या पोरीकडे द्या. लग्नाला आलेली पोरगी आईला विचारते, 'माझ्या हुंड्यापायी काकूचं वावर गेलं का?' पोरीने विचारलं की थोरलीची पहिली सबब तिथेच संपते.

भुलाबाई

दुसऱ्या प्रश्नाचं बघू. मैत्री 'आपण आता मैत्रिणी' अशा वाक्याने सुरू केली तर मेली. ती एखाद्या कामात सुरू करा, आणि त्या कामात हिशोब असू द्या.

कापसाची वेचणी घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे दोन-तीन वेचे होतात, मजुरी किलोवर. जमीन गेल्यावर धाकटी स्वतःच्याच वावरात मजुरीने वेचते आहे हे चित्रच पुरेसं आहे, त्यावर एक ओळही भाष्य नको. थोरली धुऱ्यावर (बांधावर) काट्याजवळ वही घेऊन बसलेली. असं काहीतरी:

> थोरलीनं काटा पाह्यला. 'अठरा.'
> 'एकोनीस हाय,' धाकटी म्हणाली. 'पुन्ना पाहा.'
> थोरलीनं गाठोडं पुन्ना लटकवलं. काटा हालत होता तोवर दोघीबी त्याच्याकडंच पाहत होत्या. एकोनीसच होते. थोरलीनं अठरावर रेघ मारली, वर एकोनीस लिवलं. मंग वही पुढं केली.
> 'आजपासून तूच लिवत जाय.'
> धाकटीनं वही घेतली. बोंडाच्या काट्यांनी तिचे बोटं सोलले होते, पानावर लाल ठिपका उठला. तिनं तो पुसला नाही.

यात माफी नाही, मिठी नाही. पण एकीने चूक धरली आणि दुसरीने हिशोब हातात दिला. आणि जी बाई दस्तावर आंधळेपणाने अंगठा लावून आली होती तिच्या हातात आता वही आहे. पुढच्या प्रकरणात ती पेनाने सही करायला शिकते आहे असं दाखवलंत तर कोर्टाचा धागाही पुढे सरकतो.

हाकेकडे लक्ष द्या, वाचक हाकेतूनच नातं ओळखतो. सुरुवातीला धाकटी 'बाई, तुमी' म्हणते, थोरली नावाने आणि 'तू' म्हणते. फसवणूक कळल्यावर धाकटी 'तू' वर येईल असं नवा लेखक लिहितो. तसं होत नाही. 'तुमी' तसंच राहतं, 'बाई' गळून पडतं. 'पाहा' म्हणते, पण कुणाला ते म्हणत नाही. मग शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत एकदाच, कामाच्या ओघात, 'बाई, कुंकवाची डबी द्या' असं तोंडून गेलं की झालं. त्यावर थोरलीने थबकायचंसुद्धा नाही.

बोलीचं प्रमाण राखा. संवाद वऱ्हाडीत, निवेदन प्रमाण मराठीत, किंवा वरच्यासारखं दोन्ही वऱ्हाडीत. पण अर्धं-अर्धं मिसळू नका. 'मले-तुले', 'काहून', 'करून राह्यली', 'डोया' (डोळा), 'काया' (काळा) एवढं सातत्याने आलं तरी बोली उभी राहते. प्रत्येक वाक्यात 'बे' आणि 'भैताड' टाकलं तर पात्र विनोदी होतं, आणि मग तिचं दुःख कुणी मनावर घेत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका ज्यांना आवडली त्यांना तिच्या बोलण्यातला ठसका आवडला, तरी घरातल्या गंभीर प्रसंगांतही ती त्याच बोलीत बोलायची म्हणून ती टिकली. शब्द सुद्धा इथलेच ठेवा: कोथिंबिरीला सांबार, शेंगदाण्याला फल्ली, गौरींना महालक्ष्म्या. थोरलीच्या घरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा धाकटीला विधवा म्हणून कुठे उभं करतात, हा एक प्रसंग लिहाच. नैतिकतेचा निम्मा प्रश्न तिथे आहे, आणि तो थोरलीने तयार केलेला नाही, ती फक्त तो पाळते.

टॅगकरी

जोडीबद्दल आणि फिक नेटवर टाकण्याबद्दल थोडक्यात.

इंग्रजी फिकमध्ये दोन नावांमध्ये तिरपी रेघ म्हणजे प्रेमाची जोडी, आणि '&' म्हणजे मैत्री किंवा घरचं नातं. ही रेघ 'स्टार ट्रेक'च्या कर्क आणि स्पॉकवर लिहिणाऱ्यांकडून, 1970 च्या दशकातल्या छापील अंकांतून आली. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅनफिकचं संकेतस्थळ 2009 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे ही खूण काटेकोर पाळतात. तुम्ही मराठीत कुठेही टाकलंत तरी वरती स्पष्ट लिहा: 'थोरली & धाकटी, मुख्य नातं मैत्रीचं. दीर-धाकटी दुय्यम, शेवट खुला.' जोडीच्या आशेने आलेला वाचक सातव्या प्रकरणात चिडतो तो कथेवर नाही, पहिल्या पानावर न सांगितल्याबद्दल.

सूचना: फसवणूक, वैधव्यातला अपमान, आणि शेतकरी आत्महत्या येणार असेल तर ती पहिल्याच ओळीत. यवतमाळच्या पार्श्वभूमीवर मधला भाऊ कसा वारला हे वाचक आपोआप विचारतात. उत्तर तेच असेल तर आधी सांगा, पद्धतीचं वर्णन करू नका, आणि तो प्रसंग प्रकरणाच्या शेवटी धक्का म्हणून वापरू नका.

मालिकेतले संवाद उचलू नका, विकू नका, आणि नटनट्यांच्या खऱ्या आयुष्याला हात लावू नका. पात्र वेगळं, ते करणारी बाई वेगळी.

नवीन पात्र आणणार असाल, म्हणजे शहरातून आलेली शिकलेली वकील मैत्रीण वगैरे, तर जपून. सगळ्यांना आवडणारी, सगळं येणारी अशी बाई फिकमध्ये घुसली की तिला 'मेरी सू' म्हणतात. 1973 मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या फॅनफिकवर लिहिलेल्या विडंबनातलं ते नाव. वकील हवाच असेल तर तालुक्याच्या कोर्टातला, तारखा घेणारा, फी मागणारा आणा.

कपाशीकाठ

खूप उपयोग झाला. एसटीच्या दिवसाचं प्रकरण आता पहिलं घेते, चौथ्यातलं रडणं काढलं. दोन अडचणी उरल्या. थोरली वाचकांना एवढी आवडायला लागली तर तिचं पाप विसरलं जाईल का? आणि दीर-धाकटीबद्दल 'दुय्यम' म्हटलं तरी काहीतरी लिहावं लागेलच ना?

पद्मपूर

आवडणं आणि माफ करणं वेगवेगळं ठेवता येतं. 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचं पहिलं पर्व 2016 चं. 2019 च्या दुसऱ्या पर्वात त्यांनी मागचा काळ उलगडला आणि खलनायक अण्णा नाईक मध्यभागी आला. म्हणजे फिक लिहिणारे करतात ते वाहिनीनेच केलं. लोकांना अण्णा जबरदस्त आवडला, आणि तो चांगला आहे असं कुणाला वाटलं नाही. कारण त्याच्यामुळे कुणाचं काय झालं ते कॅमेऱ्यासमोरून हटत नव्हतं. तुमच्याकडे तेच काम धाकटी करते. थोरलीच्या मनातलं एक प्रकरण लिहिलंत की पुढचं धाकटीच्या दिवसाचं लिहा: पहाटे किती वाजता उठली, किती किलो वेचलं, किती मिळाले, दुकानदाराला किती द्यायचे होते. थोरलीचं मन वाचून वाचक तिच्याकडे झुकेल तेव्हा हे आकडे त्याला मागे खेचतील. लागोपाठ दोन प्रकरणं थोरलीच्या डोक्यात राहू नका.

सातबारा_वाचक

दिराबद्दल. हे नातं गोड करून वाया घालवू नका, त्यात खरा पेच आहे. दस्त रद्द होऊन जमीन धाकटीकडे आली आणि मग दिराने लग्नाचं विचारलं, तर गाव म्हणेल वावर घरात ठेवायला विचारलं. आधी विचारलं तर थोरला म्हणेल, दुसरं लग्न केलं की हिचा हक्क गेला. कायद्याने तसं नाही, नवऱ्याकडून वारशाने आलेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. पण गावात हे ठासून सांगणारे भेटतात आणि धाकटीला ते खरं वाटू शकतं. थोरल्याच्या तोंडी हे वाक्य द्या, आणि ते खोटं आहे हे थोरलीला माहीत असू द्या, कारण त्या कार्यालयात बसून तिने चार गोष्टी ऐकल्या आहेत. ती तेव्हा बोलते की गप्प बसते, यावर तुमचं दहावं प्रकरण उभं राहील.

दोघांना एकांत हवा तर रात्रीच्या ओलिताला द्या. कृषिपंपाची लाइट आलटून-पालटून रात्रीची येते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला कुणीतरी जागावंच लागतं. तिथे बारे मोडताना, म्हणजे पाणी वळवताना, दोघं बोलतील ते कमी आणि कामाचंच. तो अजून 'वहिनी'च म्हणतो. नाव घ्यायची वेळ आली तर ते तिने आधी सांगितलेलं असावं, त्याने आपणहून घेऊ नये.

भुलाबाई

आणि लाइट गेली की मोटर बंद पडते, मग दोघांनाही घरी यावं लागतं. प्रकरण तिथेच तोडता येईल.

एक राहिलं: अठराचे एकोणीस करणारी ती वही कोर्टाच्या प्रसंगात परत आणा. पुरावा म्हणून नाही, तिथे तिचा काही उपयोग नाही. साक्षीला निघताना थोरली एसटीत बसते तेव्हा ती वही धाकटीच्या पिशवीत असू द्या. सीट तीच, पहिल्या प्रकरणातली. यावेळी खिडकीजवळ धाकटी.